डावा कान

विचिटा, १८ एप्रिल १९७५

गार्लंड,

आधी 'प्रिय' लिहिलं होतं, मग खोडलं. पहिल्याच शब्दाला तुझ्या कपाळावर आठी नको.

बाबांना जाऊन दोन महिने झाले. त्या दिवशी घरून निघताना मी एक वस्तू न विचारता उचलली, ते आधी सांगून टाकतो. बाबांच्या स्कोअरच्या वह्यांचं जे खोकं आहे ना जिन्याखाली, त्यातली एक वही. सहासष्ट सालची. लोर्नाला वाटत असेल की दिराने चांदीचे चमचे लांबवले, तर सांग तुझ्या बायकोला, फक्त वही आहे. का उचलली ते आज विचारू नकोस.

मी अजून खेळतोय. हस, हस. तेहेतीस वर्षांचा घोडा झालोय, संघातली पोरं मला 'आजोबा' म्हणतात, आणि सकाळी गुडघे असे वाजतात की बाजूच्या खोलीतला जागा व्हावा. अकरा वर्षांत हे नववं गाव. 'वर', म्हणजे मोठ्या लीगमधे, एक दिवससुद्धा नाही. बाबांना वर अकरा दिवस तरी मिळाले होते, अडतीस साली. ते अकरा दिवस आपण लहानपणी रोज जेवणाबरोबर खाल्ले. माझ्याकडे सांगायला एकही नाही, आणि ऐकायला पोरंही नाहीत, म्हणजे हिशेब तसा बरोबरच आहे.

यंदा घरमालकीण मिळालीय मिसेस ओबरली. बाईंनी आयुष्यात बेसबॉलचा एक सामना बघितलेला नाही. काल मटाराचं सूप वाढता वाढता विचारतात, "एवढ्या मोठ्या मैदानात मागे तुम्ही तिघंच? मग चेंडू दोघांच्या मधे आला तर?"

म्हटलं, "मधला ओरडतो, 'माझा!' तो एकदा ओरडला की बाकीच्यांनी बाजूला व्हायचं. मी लेफ्ट फील्डला, म्हणजे मधला कायम माझ्या डाव्या हाताला."

"आणि तुम्हाला तर डाव्या कानाने काही ऐकू येत नाही!"

"म्हणून तो टोपी काढून हलवतो. मी टोपी बघतो."

"अगं बाई, काय वेड्यांचा खेळ," म्हणाल्या, आणि उजवीकडे येऊन बसल्या. सगळेच बसतात. नऊ वर्षांत माझ्या डाव्या बाजूला माझ्याशी बोलायला कुणी बसलेलं नाही.

उत्तर लिहायलाच हवं असं काही नाही.

वेंडेल


टल्सा, ८ जून

गार्लंड,

उत्तर आलं नाही. मी तरी कुठे वाट बघत होतो. (बघत होतो.)

काल सहा तास बसमधे. मी खिडकीशी, उजव्या बाजूला, म्हणजे डावीकडे अख्खी बस. बहिऱ्या कानाच्या बाजूला माणसं कायकाय बोलतात, तुला कल्पना नाही. कुणाची बायको माहेरी गेलीय, कुणाला गुत्त्यातून कुणी फेकला, कुणाचा खांदा गेलाय आणि तो मॅनेजरपासून लपवतोय. आणि माझ्याबद्दल तर विचारूच नकोस. मागच्या महिन्यात आमचा थर्ड बेसवाला माझ्या शेजारी बसून पलीकडच्याला म्हणतो, "हा आजोबा अजून का खेळतो माहितीये? याला घरी कुणी येऊच देत नाही."

मी खिडकीबाहेर गायी बघत होतो.

आता तू म्हणशील, तुला कसं कळलं तो काय बोलला ते. ओठांवरून कळतं थोडंफार. सवय होते.

बाबांची वही उशाशी असते. किती बारीक अक्षर होतं रे त्यांचं. मिसेस ओबरलींना दाखवली तर म्हणाल्या, हे काय विणकामाचे टाके मोजलेत का? मग सांगत बसलो त्यांना: प्रत्येक जागेला आकडा असतो, लेफ्टचा सात, मधल्याचा आठ. कॅच घेतला की घेणाऱ्याचा आकडा चौकटीत. एवढं जगात सगळेच लिहितात. पण आपले बाबा त्या आकड्याशेजारी एक ठिपका द्यायचे, दुसऱ्या कुणी त्याच्यासाठी चेंडू सोडला असेल तर. "सोडणाराही खेळलाच ना रे," म्हणायचे. आजोबांची पद्धत. स्ट्राउडांच्या घराबाहेर तो ठिपका कुणालाच वाचता येणार नाही. आता आपण दोघंच उरलो.

मधल्या जागेवर आमच्याकडे एलिसेओ तावारेस नावाचा डोमिनिकन पोरगा आहे, तेवीस वर्षांचा. पाय असे, की तुझी आठवण येते. दोन वर्षं झाली, चेंडू मधे उडाला की हा भर धावताना टोपी काढतो आणि माझ्यासाठी हलवतो. त्यात त्याचे एक-दोन कॅचही सुटलेत. कधी कुरकुर नाही. उलट सामन्यानंतर येऊन उजव्या कानात ओरडतो, "दिसली ना टोपी, म्हाताऱ्या?"

दिसते. दर वेळी दिसते, आणि दर वेळी मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

वेंडेल


विचिटा, २० जुलै

गार्लंड,

लोर्नाचं कार्ड आलं. दोनच ओळी. "तो तुझी पत्रं वाचतो. वाचून खिळ्यांच्या खणात ठेवतो." दुकानात खण कितीतरी आहेत तुझे, त्यात खिळ्यांचाच का, यावर मी आठवडाभर विचार केलाय. तिला आभार सांग. किंवा नको सांगू, तुला न विचारता लिहिलं असेल बिचारीने.

पाय कसा आहे? हे नऊ वर्षांत विचारायचं धाडस झालं नव्हतं. बाबांना मातीत ठेवताना बघितलं, वाकताना तो आडवा पसरावा लागतो तुला.

दुसरं काही लिहिण्यासारखं नाही. उकाडा मरणाचा.

वेंडेल


विचिटा, २६ ऑगस्ट

गार्लंड,

बस खाली आणि नीट वाच, दुकानात गिऱ्हाईक असेल तर त्याला जाऊ दे.

वरच्या क्लबचा लेफ्ट फील्डवाला मनगट मोडून बसलाय. सकाळी आमच्या मॅनेजरने, क्रॅनशॉने, बोलावलं. तो माणूस कधी गोड बोलत नाही. आजही नाही. "स्ट्राउड, तुझ्यापेक्षा बरे तीन आहेत, पण तिघांनाही फटका मारायचाच सोस आहे. शिकागोला सप्टेंबरपुरता कुणीतरी हवाय, मागे उभा राहून चेंडू न पाडणारा. मी तुझं नाव दिलंय."

मी समोरची खुर्ची ओढून बसलो.

"पण तो कान! वरच्या कागदात लिहिलंय, 'डावा कान बाद'. या कागदापायी दोनदा तुझं नाव खोडलंय त्यांनी, बहात्तरला आणि त्र्याहत्तरला, ठाऊक आहे ना तुला?"

ठाऊक होतं. त्र्याहत्तरला याच माणसाने वरच्या साहेबांना सांगितलं होतं, "कान धड असता तर केव्हाच गेला असता." माझ्या डाव्या बाजूला उभा राहून सांगितलं होतं.

"उद्या डॉक्टर तपासेल. आणि हे बघ," दार लावून घेत म्हणाला, "जरा डोकं वापर. पाचातलं दोनदा ऐकू आलं म्हण. थोडा सुधारलाय म्हणतील, चालवून घेतील. सगळ्यांची सोय."

खरंच सगळ्यांची सोय आहे, गार्लंड. पाचातलं दोनदा हात वर करायचा. वर जाता येईल, आणि कुणाला काही सांगावंही लागणार नाही. आयुष्यभर दुसरं काही मागितलं नाही मी. दोघांनी मिळून त्या गोठ्यामागे बाबांच्या हातचे चेंडू झेलले ते यासाठीच ना.

पण फेब्रुवारीत, खड्ड्याशी, पाद्री बोलत असताना तू येऊन माझ्या डाव्या बाजूला उभा राहिलास. लोर्ना उजवीकडे होती. तू डावीकडे आलास, मुद्दाम. समोर बघत, ओठसुद्धा न हलवल्यासारखं विचारलंस, "वेंडेल, तुला ऐकू आलं होतं ना रे?"

मी हललो नाही. समोर बघत राहिलो.

तू थोडा वेळ थांबलास आणि निघून गेलास, पाय ओढत.

उद्या डॉक्टर. आज झोप येणार नाही, पण रात्रीबद्दल काही लिहीत नाही. उद्या लिहितो.

वेंडेल


विचिटा, २८ ऑगस्ट

गार्लंड,

ऐकू आलं होतं.

हे सगळ्यात आधी लिहून ठेवतोय, म्हणजे पुढचं वाचायची इच्छा नसेल तर इथेच पत्र खणात टाकता येईल.

डॅव्हनपोर्टला, सहासष्ट साली, तू मधल्या जागेवर आणि मी लेफ्टला, सातव्या डावात चेंडू आपल्या दोघांच्या मधे उडाला. शिकागोचा तो खेळाडू हेरणारा माणूस पेंढ्याची टोपी घालून बसला होता आणि तो तुला बघायला आला होता, मला नाही. तू ओरडलास, "माझा!" मग पुन्हा, "माझा, वेंडेल!" नावासकट ओरडलास. मला दोन्ही ऐकू आले. शाळेच्या घंटेसारखे स्वच्छ. मी थांबलो नाही. वाटलं, एकदा, एकच चेंडू, याने बघायला हवा माझ्या हातात. माझा खांदा तुझ्या गुडघ्यात बसला. तू किंचाळलास. आणि मी आधी ग्लव्ह वर केला, अंपायरला चेंडू दाखवायला, मग तुझ्याकडे बघितलं. हे कुणालाच माहीत नाही. तुला माहीत असेल. तू खालून बघत होतास.

इस्पितळात मी म्हणालो, हा ओरडलाच नाही. पण पिचरने ऐकलं होतं, बेसवाल्याने ऐकलं होतं. तेव्हा बाबा माझ्याकडे बघत राहिले खूप वेळ, आणि म्हणाले, "पोराचा डावा कान लहानपणापासून मंद आहे." तेवढं वाक्य त्यांनी केलं, उरलेलं सगळं मी केलं. गावातल्या म्हाताऱ्या डॉक्टरने चिठ्ठी लिहिली, डुकराच्या एका मांडीच्या बदल्यात. आणि तू पलंगावरून काय म्हणालास? "मग चूक माझी. मी हात करायला हवा होता." त्यानंतर पाच आठवड्यांनी मला एक पायरी वरच्या संघात, दुसऱ्या गावाला, बढती मिळाली. तुझ्या पायातली सळई अजून निघाली नव्हती.

बाबा पुन्हा कधीही त्याबद्दल बोलले नाहीत. माझ्या सामन्यालाही आले नाहीत. मी समजत होतो, म्हातारपण. वही उघडली तेव्हा कळलं. सातव्या डावापर्यंत सगळं नीट भरलंय आणि ती चौकट कोरी. कोरी, गार्लंड. सात लिहिला नाही, काही नाही. पुढे पानभर काही नाही. त्यासाठी वही उचलली मी. ती घरात राहू नये म्हणून.

आता काल. डॉक्टरने कानावर यंत्र चढवलं, म्हणाला, आवाज आला की बोट वर करा. आधी उजवा. मग डावा. पहिला बारीक आवाज आला. मी हात मांडीवर ठेवून बसलो होतो. पाचातलं दोनदा, मनात घोकत होतो. दुसरा आला, त्याहून बारीक. आणि काय सांगू, मला तुझा आवाज आठवला, पाद्रीच्या बडबडीखालून आलेला. तो याहूनही हळू होता.

मी बोट वर केलं. मग प्रत्येक वेळी केलं. शेवटी डॉक्टर हसला, "अहो, हा तर उजव्यापेक्षा तेज आहे! कुणी सांगितलं तुम्हाला बहिरे म्हणून?"

क्रॅनशॉला सगळं सांगितलं. तो तंबाखू चघळत ऐकत राहिला. मग म्हणाला, "वर एवढंच कळवतो, कान ठीक आहे. बाकीचं तुझं तू बघ. पण तावारेसला आजच सांग, नाहीतर मी सांगेन, आणि मी वाईट सांगेन."

तावारेसला सांगितलं. तो बूट बांधत होता. आधी त्याला वाटलं मी गंमत करतोय. मग टोपी काढून हातात घेतली, बघत राहिला तिच्याकडे. "दोन वर्षं," म्हणाला. "दोन वर्षं मी माकडासारखी ही हलवत पळतोय, आणि तू हरामखोर सगळं ऐकत होतास?"

"हो."

"आणि बसमधलं?"

"तेही."

त्याने टोपी घातली आणि उठून गेला. संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलं. आता माझ्या दोन्ही बाजू रिकाम्या असतात. शेवटचे चार सामने आहेत, एकही जण एक शब्द बोलत नाही.

माफ कर असं लिहीत नाही. मला तेवढी लाज आहे.

वेंडेल


शिकागो, १२ सप्टेंबर

गार्लंड,

मी वर आहे. अकरा दिवस झाले, बाकावर बसून. आज बाबांची बरोबरी केली, एकही मिनिट न खेळता. त्यांनी तरी एक फटका मारला होता.

भिंतीवर वेल आहे, पानं लाल व्हायला लागलीत. उभं राहून बघायला बरं वाटतं. कुणाला सांगणार.

एकवीस तारखेच्या दुपारच्या सामन्याचं एक तिकीट खिडकीवर तुझ्या नावाने ठेवतोय. सोबत एका पुडक्यात बाबांची वही. ती तुझी आहे, माझ्याकडे राहून उपयोग नाही. नाही आलास तरी खिडकीवाला पोस्टाने पाठवेल, त्याला पत्ता दिलाय.

मी खेळेन असं काही नाही. तुझी चार तासांची गाडी फुकट जाईल, तेही सांगून ठेवतो.

वेंडेल


शिकागो, २२ सप्टेंबर

गार्लंड,

तू आला होतास.

मला माहीत नव्हतं. लेफ्टच्या बाजूची तुझ्या तिकिटाची खुर्ची मी बाकावरून सारखी बघत होतो. तीन डाव रिकामी होती, मग एक जाडा माणूस मुलीला घेऊन बसला, आणि मी म्हटलं, संपलं. मान खाली घातली आणि पुन्हा तिकडे बघितलं नाही. नंतर खिडकीवाला म्हणाला, "एक लंगडा गृहस्थ आला होता, तिकीट बदलून घेतलं त्याने. म्हणाला, ही जागा नको, सरळ वरची द्या, जिथून मागचे तिघंही एकदम दिसतात." बाबा कायम घ्यायचे तसली जागा. मला कळायला हवं होतं.

नवव्या डावात मॅनेजर माझ्याकडे बघून म्हणाला, "ए म्हाताऱ्या, जा, उभा राहा लेफ्टला." एवढंच. मी धावत गेलो. अकरा वर्षं, नऊ गावं, आणि पायाखाली ते गवत. ओरडणारे फार नव्हते, तसाही सामना आमच्या खिशात आलेलाच होता.

दोघं बाद झाले. तिसऱ्याने उडवला, डावीकडे, मधे. तू बघितलास. तसाच चेंडू, अगदी तसाच, वाऱ्यावर जरा तरंगणारा. मी निघालो. मला माहीत होतं की माझ्या हातात येईल, पायांना आधीच कळतं. पुन्हा कधी येणार नव्हता, हेही माहीत होतं. आणि डावीकडून आवाज आला, "माझा!" त्या मधल्याशी माझं उभ्या आयुष्यात चार शब्द बोलणं झालेलं नाही, त्याला माझं नावही येत नसेल. एकदाच ओरडला.

मी थांबलो. बाजूला झालो, त्याच्या मागे गेलो, हात खाली. त्याने घेतला. सामना संपला.

म्हणजे वरच्या मैदानावर मी सगळा मिळून एकच डाव उभा होतो आणि चेंडूला हात लागला नाही. कुठल्याही पुस्तकात माझ्या नावापुढे काही लिहिलेलं सापडणार नाही. बाहेर आलो तेव्हा रडत होतो, ते दमल्यामुळे असं बाकीच्यांना सांगितलं.

मग खिडकीवाल्याने हाक मारली. "तो गृहस्थ पुडकं परत देऊन गेलाय, तुमच्यासाठी."

तिथेच पायरीवर बसून वही उघडली. नऊ वर्षं अर्धवट पडलेलं जे पान, त्याच्या पुढच्या पानावर कालचा सामना, पहिल्या चेंडूपासून, तुझ्या अक्षरात. तुझा आठ अगदी बाबांसारखा आहे, दोन गोल एकावर एक. शेवटच्या चौकटीत तो आठ आहे आणि शेजारी ठिपका. पेन्सिल इतकी दाबलीस की मागच्या पानावर उमटलाय.

मग मागे उलटलं. डॅव्हनपोर्टची ती चौकट तू भरलीस. सात. ठिपका नाही. बरोबर आहे. तसंच लिहायला हवं होतं, त्याच दिवशी, आणि मी लिहायला हवं होतं.

थांबला नाहीस. मीही तुझ्या जागी थांबलो नसतो.

सामने संपले की हे लोक मला सोडणार, तसं सांगितलंय. मिसेस ओबरली म्हणतात, हिवाळाभर राहा, भाडं अर्धं घेईन, बर्फ काढा. तिथे आहे मी. वही पुन्हा माझ्याकडे आलीय आणि जागा तिची जिन्याखालच्या खोक्यात आहे. आणून द्यायची की पोस्टाने पाठवायची, तेवढं कळव. एका कार्डावर 'ये' लिही किंवा 'येऊ नकोस' लिही. आलो तर मागच्या दाराने येईन, आणि जेवताना तुला कुठे बसायचं तिथे बस. डावीकडे बसून हळू बोललास तरी मी मान वळवेन.

वेंडेल